रिकामी म्हणून लिहिलेली खोली

फोन आला तेव्हा मी उकळलेल्या दुधीचं पाणी मोरीत ओतत होते. किडनीच्या माणसाला भाजी अशीच द्यावी लागते. आधी उकळायची, पाणी फेकून द्यायचं, मग बिनमिठाची फोडणी. मंगळवार आणि शुक्रवार हे रामदासच्या डायलिसिसचे दिवस. चांदवडहून सकाळच्या एसटीने तो आणि त्याची बायको मंगल नाशिकला यायचे आणि गंगापूर रोडवरच्या माझ्या घरून त्यांना डबा जायचा. फोनवर मंगल होती. मागे हायवेवरच्या गाड्यांचा आवाज. "बाई, आज डबा नका आणू," ती म्हणाली. मला वाटलं बस चुकली. "का गं, उशीर होतोय का?" असं मी विचारलंही. "नाय. ते गेले. पिंपळगावच्या अलीकडं. मला वाटलं खिडकीला डोकं टेकून झोपलेत." कंडक्टरने बस कडेला घेतली होती, प्रवाशांनी रामदासला उचलून खाली लिंबाच्या झाडाखाली ठेवलं होतं, आणि मंगल त्याच्या उशाशी बसून मला फोन करत होती. मी गॅस बंद केला. दुधी चाळणीत तसाच राहिला.

याला आता दीड महिना झाला. रामदास आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. चांदवड तालुक्यात, हायवेपासून आत, कांद्याच्या पट्ट्यातली आमची माध्यमिक शाळा. मी तिथे सव्वीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची पंधरा मुख्याध्यापिका म्हणून. वयाने तो माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करायचे. सडपातळ अंगाचा, हसताना मान खाली घालणारा माणूस. आयटीआय झालेला. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुण्यासाठी त्याला नेमलेलं होतं, पण शाळेतला पंखा, घंटा, पाण्याची मोटर, लाउडस्पीकर, जे बंद पडेल ते आपोआप त्याच्याकडे जायचं. कोणी सांगायच्या आतच तो स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथे हजर असायचा.

शाळेला दहा संगणक मिळाले तेव्हाची गोष्ट. ते जुन्या पद्धतीचे, डब्यासारख्या पडद्यांचे होते. टेम्पोतून उतरवताना गावातली माणसं बघायला जमली होती. आम्ही संगणकांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि बटण दाबलं तर लाईट नव्हती. सगळे हसले. पण पुढच्या सहा महिन्यांत त्या हसण्याचं रडणं झालं. शाळा अकरा ते पाच, आणि भारनियमन नेमकं त्याच वेळात. ज्या आठवड्यात दिवसा लाईट असे, त्या आठवड्यात कांद्याला पाणी भरायला सगळ्या विहिरींवरच्या मोटरी एकदम सुरू होत आणि व्होल्टेज इतकं पडे की ट्यूबलाइट फक्त दोन्ही टोकांना लाल व्हायची. संगणक चालू होऊन अर्ध्यातच बंद पडत. चारपाच वेळा असं झालं की त्यातलं सगळं पुसलं जाई. एकदा गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली, ती बदलून मिळेपर्यंत सतरा दिवस शाळेत घंटासुद्धा हाताने वाजवली. आणि इकडे वरून रोज पत्र येत होतं... शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरा, परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरा, मुलांची माहिती ऑनलाइन पाठवा.

एका वर्षी नर्सिंगच्या प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी दहावी-बारावी झालेल्या पाच मुली आमच्याच शाळेत अर्ज भरायला आल्या, कारण आसपास दुसरा संगणक नव्हता. लाईट दुपारी गेली ती आलीच नाही. पाचही मुली संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होत्या. त्यातली एक, सविता, जाताना मला म्हणाली, "जाऊ द्या बाई, माझं लग्नच ठरवत होते घरचे." दुसऱ्या दिवशी मी रामदासला माझ्या खोलीत बोलावलं. मी काय बोलले ते मला शब्दनशब्द आठवतं, कारण गेली काही वर्षं ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकवते आहे. मी म्हणाले, "रामदास, मला कारणं नकोत. काहीही कर, पण हे संगणक चालले पाहिजेत."

त्याने केलं. शाळेत एक इन्व्हर्टर होता, पण त्याच्या बॅटऱ्या वर्षभरातच बसल्या होत्या. पुरती चार्ज व्हायला सलग लाईटच मिळत नसेल तर बॅटरी टिकणार कशी? नव्या बॅटऱ्यांची सोय संगणक देणाऱ्यांनी केली नव्हती आणि आमच्या अनुदानात ती बसत नव्हती. रामदास उन्हाळ्याच्या सुट्टीत मालेगावला एका बॅटरीवाल्याकडे जाऊन राहिला आणि मेलेली बॅटरी परत उभी कशी करायची ते शिकून आला. ट्रकच्या टाकून दिलेल्या बॅटऱ्या तो मागून आणायचा. त्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या प्लेटा काढायच्या, खराब त्या फेकून चांगल्या त्या निवडायच्या, आणि लोखंडी कढईत शिसं वितळवून पुन्हा जोडायच्या. हे सगळं तो शाळेच्या मागच्या बाजूला असलेल्या खोली नंबर नऊमध्ये करायचा. त्या खोलीला एकच दार आणि वर हातभर झरोका. हिवाळ्यात वाऱ्याने शेगडी विझते म्हणून तो दार लावून घ्यायचा. मुलांना मात्र त्याने तिथे कधी फिरकू दिलं नाही. "ॲसिड उडल," म्हणून ओरडायचा. आम्ही सगळेच ॲसिडला भीत होतो. त्याच्या पँटींना भोकं पडलेली दिसत होती ना. शिशाचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ते जड, मऊ, गरीब दिसणारं... दुपारची भाकरी तो तिथेच, त्याच हातांनी, बॅटरीच्या खोक्यावर बसून खायचा. मी दारातून जाता-येता ते पाहिलेलं आहे.

पुढच्या वर्षी अर्जांच्या दिवसांत सगळ्या गावात लाईट नव्हती आणि आमचे दहाच्या दहा संगणक चालू होते. शेजारच्या चार गावांतून मुली आल्या. खिडक्यांना माणसं लोंबकळली होती. ओट्यावर आठ बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या, आणि त्यांच्याजवळ स्टुलावर रामदास, हातात मीटर, एखाद्या आजाऱ्याची नाडी धरावी तसा. त्या दिवशी एकवीस मुलींचे अर्ज गेले. त्यांतल्या कितीजणी पुढे गेल्या, मी मोजलं नाही. पण एक आज सटाण्याला बँकेत आहे, एक कळवणला परिचारिका आहे. सविता त्यांच्यात नव्हती. तिचं लग्न झालं होतं. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी रामदासची पाठ थोपटली, मी सभेत त्याला शाल दिली. नऊ वर्षं त्या बॅटऱ्यांवर आमची शाळा चालली, आणि त्या नऊ वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नाही की त्या धुराचा तुला त्रास होतो का.

त्रास सुरू झाला होता. पोटात कळ यायची, इतकी की तो प्रयोगशाळेच्या फरशीवर आडवा व्हायचा. गावातल्या डॉक्टरने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. मग तालुक्याच्या ठिकाणी त्याचं अपेंडिक्स काढलं. कळा थांबल्या नाहीत. चेहरा मातकट होत गेला. आम्ही त्याला चिडवायचो, "रामदास, तंबाखू सोड." तो तंबाखू खात नव्हता. मग एके दिवशी सकाळी माझ्या टेबलावरची ट्यूब बदलायला तो स्टुलावर चढला आणि त्याच्या हातातून ट्यूब निसटली. मी दचकून वर बघितलं, तर त्याचा उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता. तो दुसऱ्या हाताने तो पंजा वर उचलून धरत होता आणि तो पुन्हा खाली पडत होता. "बाई, उचलतच नाय हा," तो म्हणाला, आणि कसंनुसं हसला.

त्याला नाशिकला मीच घेऊन आले. मंगल बरोबर होती. तिथे एक तरुण डॉक्टर होती. तिने त्याचा खालचा ओठ बोटाने ओढून हिरड्या पाहिल्या. तिथे काळपट निळी रेघ होती. मग तिने विचारलं, "काम काय करता?" "शाळेत आहे." "शाळेत काय करता?" रामदास माझ्याकडे बघू लागला, जणू सांगू का म्हणून परवानगी मागत होता. मी सांगितलं. डॉक्टरने लिहिणं थांबवलं. तिने त्याचं रक्त तपासायला पाठवलं आणि म्हणाली, "घरी यांचे कपडे कोण धुतं?" मंगल म्हणाली, "मीच की." "मग यांचंही रक्त घ्या," डॉक्टरने नर्सला सांगितलं.

दोघांच्याही रक्तात शिसं निघालं. त्याच्या भरपूर, तिच्या त्याहून कमी, पण होतं. डॉक्टर समजावून सांगत होती की हे धूळ होऊन कपड्यांवर बसतं, केसांत बसतं, हातावरून पोटात जातं, हाडांत जाऊन राहतं, किडनी खराब करतं. मंगल मान हलवत ऐकत होती. मग मध्येच तिने विचारलं, "डॉक्टरबाई, मला तीनदा दिवस गेले. तीनदा राहिलं नाय. ते बी याच्यानंच का?" "नक्की कोणीच सांगू शकणार नाही," डॉक्टर म्हणाली, "पण शिशाने असं होऊ शकतं." मंगल "बरं" म्हणाली. एवढंच. रामदास आपले दोन्ही तळहात उघडे करून त्यांच्याकडे बघत बसला होता. परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं एका बाकावर होतो. चांदवडला उतरताना तो मला म्हणाला, "बाई, ती खोली बंद करा. कोणाला बसवू नका तिथं, काही ठेवू पण नका. भिंतीला, जमिनीला, सगळीकडं असणार ते." मी म्हणाले, "शब्द दिला."

औषधांनी रक्तातलं शिसं उतरलं, हाताला थोडी ताकद आली. किडन्या मात्र गेल्या त्या गेल्याच. शाळेची नोकरी त्याने सोडली. पण घरी बसला नाही. चांदवड, वणी, मालेगाव... जिथे जिथे बॅटऱ्यांची दुकानं होती, तिथे तो जायचा. फुटलेल्या बॅटऱ्यांच्या ढिगाशेजारी उभा राहून सांगायचा की घरी जाण्याआधी कपडे बदला, साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, इथे जेवू नका, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. एकदा मी त्याच्याबरोबर होते. दुकानदाराने आम्हाला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "मास्तर, तीस वर्षं झाली मला या धंद्यात. काय झालं मला?" त्याच्या हातातल्या कपबशीचा टकटक आवाज होत होता. रामदासने त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाहेर आल्यावर म्हणाला, "त्याचं पोरगं तिथंच मागं खेळत होतं, बाई. पायलं का?" एका दुकानदाराने मात्र दारापाशी नळ बसवला आणि साबण ठेवला. त्याचं रामदासला इतकं अप्रूप वाटलं की महिनाभर तो तेच सांगत होता.

नंतर शाळेला सौरऊर्जेची पॅनेल मिळाली. छपरावर काळ्या काचा, आत बंद पेटीतल्या बॅटऱ्या, पाणी घालायला नको, उघडायला नको. मी रामदासला मुद्दाम बघायला नेलं. दहाही संगणक आता नवे होते, चपट्या पडद्यांचे. लाईट गेलेली होती आणि मुलं टाइप करत होती. तो मागच्या बाकावर बसला. "आवाजच नाय याला," म्हणाला. मला वाटलं त्याला बरं वाटतंय. मग त्याने विचारलं, "बाई, ह्या बॅटऱ्या संपल्या की कुठं जातात?" मला माहीत नव्हतं. त्याने मान हलवली. "जातील कुणाच्या तरी घरी," तो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. त्याच सुमारास त्याचं डायलिसिस सुरू झालं. मी नाशिकला राहायला आले आणि डबा पोचवू लागले. लोक म्हणायचे, बाई किती करतात. मंगल म्हणायची, "तुमचे उपकार हायेत." मी तिला कधी थांबवलं नाही. डायलिसिसच्या खुर्चीत चार तास तो आणि मी गप्पा मारायचो, कांद्याच्या भावापासून मोबाइलपर्यंत. त्या खोलीचा विषय त्याने एकदाच काढला. "बंद हाय ना ती?" मी म्हणाले, "बंद आहे." मला तसंच वाटत होतं.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी शाळेने शोकसभा ठेवली. नवे मुख्याध्यापक तरुण, कामसू. त्यांनी रामदासला कधी पाहिलं नव्हतं, तरी चांगलं बोलले. संगणक कक्षाला रामदासचं नाव द्यावं, असा ठरावही मांडला. टाळ्या वाजल्या. मंगल पहिल्या रांगेत पदर घट्ट लपेटून बसली होती. सभा संपल्यावर मी तिला घेऊन मागच्या बाजूला हातपाय धुवायला गेले. तिथे मुलांची खिचडी शिजवणारी बाई खोली नंबर नऊचं दार उघडून आत शिरत होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर तांदळाची पाटी होती.

मी धावतच गेले. आत भिंतीला लागून पोती रचलेली होती. तांदूळ, मूगडाळ, मिठाची पिशवी. एक पोतं फुटलेलं होतं आणि त्याचे दाणे त्या जमिनीवर सांडले होते. मी मुख्याध्यापकांना बोलावलं. माझा आवाज चढला असणार, कारण मुलं गोळा झाली. "ही खोली कोणी उघडली? इथे शिसं आहे, विष आहे इथे!" ते गोंधळले. "मॅडम, मला कोणीच काही सांगितलं नाही. जूनपासून धान्य इथेच ठेवतोय. पावसात दुसरी खोली गळते." मग ते आत जाऊन एक फाइल घेऊन आले. मी निवृत्त होताना दिलेली चार्जची यादी. माझ्या अक्षरातली, माझ्या सहीची. खोली नंबर नऊसमोर लिहिलं होतं, 'रिकामी'.

ते मी लिहिलं होतं. ती वेळ मला स्वच्छ आठवते. सगळ्या खोल्या लिहून झाल्या, नऊला आले आणि पेन थांबलं. खरं लिहावं तर पुढचा प्रश्न येणार होता की हे शाळेत कोणाच्या परवानगीने चालत होतं? माझी पेन्शनची फाइल तेव्हा वर गेलेली होती. क्लार्क समोर उभा होता. मी 'रिकामी' लिहिलं, दाराला कुलूप होतंच, तोंडी सांगू असं मनाशी म्हटलं, आणि निरोपसमारंभाच्या गडबडीत सांगायचं राहिलं. राहिलं असं मी आजवर म्हणत आले. राहिलं नव्हतं... मी टाळलं होतं.

मंगल माझ्या मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं. मी वळून म्हणाले, "मंगल, हे माझ्यामुळे झालं. हेही, आणि त्याचंही. मीच त्याला सांगितलं होतं, काहीही कर म्हणून." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही सांगितलं म्हणून नाय केलं बाई त्यांनी. त्यांना आवड होती. शाल घरी आणली तर आठ दिवस घडी मोडली नव्हती त्यांनी." मग म्हणाली, "पण तुम्ही शिकलेल्या होत्या. एकदा तरी विचारायचं होतं कुणाला." हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी पोती बाहेर काढली. मुख्याध्यापकांनी ते धान्य वापरू दिलं नाही, आणि आरोग्य खात्याला त्यांनी स्वतः पत्र लिहिलं, माझं नाव न घालता. मी म्हणाले, घाला. मुलांचं रक्त तपासायला गेलं आहे. अहवाल हे लिहीपर्यंत आलेले नाहीत. रोज सकाळी मी फोन करते.

दुसऱ्या दिवशी खोली पुसायची होती. खिचडीवाल्या बाईने झाडू आणला, तो मंगलने तिच्या हातातून काढून घेतला. बादली, ओली फडकी, साबण... सगळं तिने मांडलं, नाकाला रुमाल बांधला आणि मला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा. माझ्यात हायेच ते." मी ऐकलं नाही. आम्ही दोघींनी भिंती पुसल्या, झरोका पुसला, जमीन तीनदा पुसली. फडकी काळी होत होती, धुतली की पुन्हा काळी होत होती. एका कोपऱ्यात जमिनीला शिशाचा ओघळ चिकटून थिजलेला होता, नाण्याएवढा. मंगलने तो नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही. तिने त्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तशीच उकिडवी बसून राहिली.

शेवटी दाराला कुलूप लावलं. मुख्याध्यापक ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आले. ते म्हणाले, "संगणक कक्षाचं नंतर बघू. पण खरं तर ही त्यांची खोली. इथेच त्यांचं नाव लिहू या का, वहिनी?" मंगल कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होती. ती वळलीही नाही.

"त्यांचं नाव नका लिहू," ती म्हणाली. "आत काय हाय, ते लिहा."

मी ब्रश घेतला आणि लिहिलं.